साच्याची बाहेरची बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, अवजारांची पेटी आणि बाबांनी निघताना हातात कोंबलेली ही रोजनिशी, एवढा लवाजमा घेऊन. इथे जे जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, असा त्यांचा हुकूम आहे. नंतर ‘विसरले’ म्हणायची सोय नाही. टपाल खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा खाक्या.

तर लिहून ठेवते की खोली झकास आहे. संग्रहालयाच्या मागच्या आवारातच आहे. खिडकीला पांढरे पडदे, टेबलाचा एक पाय आखूड, आणि नळाला गरम पाणी! मॅडम स्वतः घ्यायला आल्या होत्या. संग्रहालयाच्या प्रमुख आहेत, पण तोरा नाही. उंच, करड्या केसांच्या, हनुवटीवर टपोरा तीळ. माझी पेटी त्यांनी मोठ्या ऐटीत उचलली आणि जड निघाल्यावर हसत हसत खाली ठेवली.

कामाचं सांगायचं तर असं. साहेबाचं राज्य होतं तेव्हा या इमारतीत एक साहेब राहायचा. लोक त्याला मापवाला साहेब म्हणत, कारण तो माणसांची डोकी मोजायचा. नाक किती रुंद, कपाळ किती मागे, यावरून कोण शहाणा आणि कोण गुन्हेगार ते ठरवायचा. मोजून समाधान झालं नाही की चेहऱ्याचा साचा घ्यायचा. जिवंत माणसाला आडवं करायचं, श्वासासाठी नाकपुड्यांत पिसांच्या दोन पोकळ दांड्या बसवायच्या आणि चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापायचं. ते घट्ट झालं की साचा उचलायचा, त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं, की चेहरा तयार. असे खोलीभर चेहरे इथे आहेत. आता ते ज्यांचे त्यांच्या घराण्यांना परत द्यायचं ठरलंय. त्याआधी जुन्या साच्यांतून एकेक नवी प्रत काढून ठेवायची आहे. त्यासाठी प्लास्टरला सरावलेला हात हवा होता. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात आणि मी त्यांत दात उभे करते. चेहरा म्हणजे माझ्या लेखी जरा मोठी कवळी.

पण हे काम मी मागून घेतलं ते बाबांसाठी. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, मापवाल्या साहेबाबरोबर गेले ते परत आलेच नाहीत. माणसांना जनावरांसारखं मोजू नका, असं त्यांनी साहेबाला तोंडावर सुनावलं आणि साहेबाने त्यांना संपवलं, असं आमच्या घरात सांगतात. त्यांचा फोटो नाही, काही नाही. बाबांचं हृदय आता कुरकुर करायला लागलंय. आजोबांचं तोंड एकदा पाहिलं की मी सुटलो, असं ते म्हणतात. ते तोंड इथल्या फळीवर असेल तर मी शोधून काढणार म्हणजे काढणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझी कामाची खोली म्हणजे साहेबाचीच खोली. उंच छत, उत्तरेकडून येणारा सारखा उजेड, कोपऱ्यात दगडी मोरी. मधोमध एक लांब लाकडी बाक आहे. डोक्याच्या बाजूला खोलगट केलेला, कडेला पट्टे अडकवायच्या कड्या. त्या कड्यांभोवतीचं लाकूड पार झिजलंय. तिन्ही भिंतींवर चेहरे. सगळ्यांचे डोळे मिटलेले. खालच्या फळ्यांवर त्यांचे साचे, फडक्यांत गुंडाळून ठेवलेले.

शेजारच्या पडवीत सुतार काम करतो. चेहरे पाठवायला खोकी बनवतोय. भला मोठा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. मला म्हणाला, ताई, इथे जरा हळू बोला, एवढी माणसं झोपलीत. मी म्हटलं, मग तुमचं रंधणं आधी बंद करा. त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आमचं जमणार.

पणजोबांना ओळखायचं कसं, हा मात्र प्रश्नच आहे. आमच्या घराण्याची एकच खात्रीची खूण, आणि ती नेमकी चेहऱ्यावर नाही. डावा अंगठा! उजवा चारचौघांसारखा, पण डावा आखूड, चपटा, नख रुंदीला जास्त आणि लांबीला कमी. पणजोबांचा होता, बाबांचा आहे, माझा आहे. शाळेत मला ‘चमचा’ म्हणायचे. मी रडत घरी आले की बाबा त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्याला टेकवून दाबायचे, मग मी दाबायचे. म्हणजे करार झाला, आता रडायचं नाही. अजूनही स्टेशनवर सोडायला आले की गाडी सुटताना आम्ही तेच करतो, लोक बघत असले तरी.

चेहऱ्यांवर अंगठे नसतात. त्यामुळे मी सगळ्यांची नाकं बघत फिरते आहे. आमचं नाक असं कुणाचंच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

काम छान चाललंय. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे मला काही नवीन नाही. रोज हातात तेच असतं. पण चेहऱ्याएवढं प्लास्टर गरम झालं की जरा वेगळंच वाटतं. गालाला हात लावला तर ताप आलेल्या माणसासारखा.

एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक साच्यात नाकपुडीच्या जागी दोन आरपार भोकं असायला हवीत, पिसाच्या दांड्यांची. काही साच्यांत ती आहेत. ते चेहरे बघवत नाहीत. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, डोळे गच्च मिटलेले. आपल्याला जिवंत गाडताहेत असंच त्यांना वाटलं असणार. एकाने मान झटकली आहे, त्यात नाक तिरकं होऊन सगळा साचा फिसकटलाय.

आणि बाकीच्या साच्यांत भोकं नाहीतच. ते चेहरे अगदी शांत आहेत. नितळ. मॅडम म्हणाल्या की येणाऱ्या लोकांना हेच सगळ्यात आवडतात, किती समाधानाने झोपलीत माणसं म्हणतात.

मी म्हटलं, मग श्वास कुठून घेत होती? मॅडमना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, नंतर बुजवली असतील भोकं.

बुजवलेली नाहीत. बुजवलेलं प्लास्टर वेगळं कळतं, मी जन्मभर तेच केलंय. एका शांत साच्याच्या आतून मी आज चिमट्याने पापण्यांचे केस काढले, मुळांसकट. दुसऱ्यात ओठाच्या जागी दाताची कपची रुतलेली होती. समाधानाने झोपलेल्या माणसाचा दात असा तुटत नाही.



११ फेब्रुवारी, मंगळवार

पणजोबा सापडले.

आजवर मी साच्याच्या आतच बघत होते. सगळेच आत बघतात, चेहरा तिथे असतो. बाहेरची बाजू म्हणजे नुसतं थापलेलं, खडबडीत प्लास्टर. तिच्याकडे कोण बघणार? आज एक शांत साचा उताणा करून पुसत होते. बाहेरून बोटं उमटलेली दिसली. दोन्ही पंजे गालांवर आवळलेले आणि अंगठे नाकावर. जिथे दांड्यांची भोकं असायला हवीत नेमके तिथे, ओल्या प्लास्टरात खोल दाबलेले दोन अंगठे.

उजवा चारचौघांसारखा. डावा आखूड, चपटा, नख रुंदीला जास्त.

मग मी एकेक साचा उताणा केला. ज्यांना भोकं आहेत त्यांच्यावर हे अंगठे नाहीत. जे शांत आहेत त्या सगळ्यांवर आहेत. सगळ्यांवर. साहेबाला न हलणारा चेहरा हवा होता आणि माणूस हलतो. मग धरणाऱ्याने, म्हणजे पणजोबांनी, दांड्या उपसायच्या, भोकं अंगठ्यांनी बुजवायची आणि खालचं हलणं थांबेपर्यंत दाबून ठेवायचं. एका बाईचा चेहरा आहे, फार तर माझ्या वयाची. एक म्हातारा आहे. एका साच्याच्या कडेला धरणाऱ्याचं मनगट उमटलंय आणि त्याच्यावर खालच्या माणसाच्या नखांचे ओरखडे.

साहेबाला उलट बोलले म्हणे! मला हसू आलं.

आणि तरी मी एक गोष्ट केली. का केली, सांगता येणार नाही. त्या बाईच्या साच्यावर माझा डावा अंगठा त्या खड्ड्यात ठेवून बघितला. चपखल बसला. नखाची कडसुद्धा.

खड्डा गरम होता. आत्ताच ओतल्यासारखा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांचा फोन आला. सापडले का? रोज विचारतात, पण आज आवाज थकलेला होता. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण त्या हृदयाला हे झेपलं नसतं. मी फळीवरचा सगळ्यात देखणा चेहरा बघितला, रुंद कपाळ, सरळ नाक, आणि म्हटलं, सापडले, बाबा. कसे आहेत, विचारलं. शांत आहेत, म्हटलं.

बाबा रडायला लागले. मग म्हणाले, येतो, सोमवारी पोचेन असं तिकीट काढतो. मी नको नको म्हणतेय तोवर फोन ठेवलासुद्धा. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे मी. त्यांच्या आजोबांनी मारलेल्या माणसाला ते आजोबा म्हणून कवटाळणार.

डावा हात दुखतोय. मुठीत वळून वळून राहतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट, क्रमाने लिहिते, म्हणजे मला समजेल.

सुतार सकाळी म्हणाला, ताई, माझाही चेहरा काढा ना, घरी नेऊन बायकोला घाबरवतो. मला बरंच वाटलं. हसतखेळत काही घडलं तर या खोलीचं मळभ जाईल, असं वाटलं. तो बाकावर आडवा झाला. त्याच्या मिशांना व्हॅसलीन चोपडलं, नाकात सरबताच्या दोन नळ्या बसवल्या, नीट श्वास येतो ना विचारलं. त्याने बोट वर करून होकार दिला. मी प्लास्टर थापलं. इथवर आठवतंय.

पुढचं आठवतं ते असं की सुतार जमिनीवर गुडघे टेकून खोकत होता. साच्याचे तुकडे सगळीकडे. त्याच्या नाकातून रक्ताची धार, एका भुवईची कातडी प्लास्टरबरोबर निघून लोंबत होती. माझ्या हातांवर त्याच्या नखांनी काढलेले चर. आणि दोन्ही नळ्या माझ्या डाव्या मुठीत.

मी रडत माफी मागितली. तो मागे मागे सरकत होता. एवढा आडदांड माणूस. तो म्हणाला की मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता. मी मुद्दाम नाही हो केलं, म्हटलं. त्यावर त्याने मान हलवली. म्हणाला, तुम्ही रागात नव्हता ताई, तुम्ही काम करत होतात.

अवजारं तिथेच टाकून तो निघून गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. सुतार त्यांच्याकडे गेलाच होता. मी त्यांना खोलीत आणलं, साचे उताणे करून दाखवले, माझा अंगठा दाखवला. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या की हे सगळं जाहीर करावं लागेल. घराण्यांना सांगावं लागेल की त्यांची माणसं इथे मारली गेली, आणि कुणी मारली तेही. तुमच्या वडिलांनाही कळेल, त्याला इलाज नाही. फार मायेने म्हणाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांचं बरोबर होतं. पण तेव्हा मनात एवढंच आलं की या आता गप्प बसल्या तर बरं होईल. एवढंच आलं, शपथेवर सांगते. माणसाच्या मनात काय वाटेल ते येतं.

मग दुपार झालेली होती आणि मी मोरीवर हात धूत होते.

बाकावर एक साचा होता. ओला. मी ओतलेला नाही, घेतलेला नाही, मला काही माहीत नाही. उचलला तर गरम. आत बघितलं. हनुवटीच्या जागी टपोऱ्या तिळाची खळगी.

भोकं नव्हती.

१५ तारीखच, संध्याकाळ

मॅडम प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यांखाली आहेत. पायातली चप्पल दिसली म्हणून पोती बाजूला केली. चेहरा शांत आहे. मान आणि छाती शांत नाहीत. गळ्यावर काळे पट्टे, बरगड्या आत गेल्यात, बोटांची नखं उलटलीत. माझ्या नखांखाली त्यांची कातडी आहे. घासून निघत नाही.

पोलिसांना फोन लावला. उजव्या हातात फोन होता. पलीकडून कुणी तरी बोललं आणि डाव्या हाताने तो माझ्याकडून काढून घेतला. अगदी सावकाश, लहान मुलाकडून कात्री काढून घेतात तसा. आणि कालवलेल्या प्लास्टरात बुडवला. आता तो दगड झालाय.

बाबांना कळवायचं कसं? ते गाडीत बसले असतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

पळून जायचा विचार केला. पण पळून जाईन तिथे हा हातही येणार. आणि बाबा इथे येणार. त्यांना दारातूनच परत पाठवायला हवं. संग्रहालय आज बंद आहे, पहारेकरी लांब फाटकावर, हाक पोचत नाही आणि या हाताने कुणाजवळ जायचं नाही. आतून कडी घातली आहे. उद्या बाबा आले की दाराआडून बोलायचं. दार उघडायचं नाही. आणि त्यांना घेऊन आलेल्या पहारेकऱ्याला म्हणायचं, पोलीस बोलाव.

सुताराच्या शिकंज्यात अंगठा अडकवला आणि उजव्या हाताने दांडा फिरवत गेले. हाड मोडल्याचा आवाज आला. मी बेशुद्ध पडले असेन. जाग आली तेव्हा नख उडालेलं होतं, रक्त वाळलेलं होतं, आणि मोडलेला अंगठा शिकंज्याच्या लोखंडावर हळूहळू दाबून बघत होता. जोर आहे का ते.

जोर होता.

१६, नंतर

एक कळलंय. सगळ्यात खालच्या फळीवर एक साचा राहिलाय, मी कधी उघडलाच नव्हता. आज फडक्याला हात घातला तर डावा हात मागे आला. थरथरायला लागला. घाबरला. त्याला घाबरलेला मी पहिल्यांदा बघितला.

म्हणून उजव्याने उचलला. बाहेरून खूप हात आहेत. लहान, मोठे, बायकांचे, एकावर एक दाबलेले, इतके की चेहऱ्याचा आकारच दबलाय. आखूड अंगठा एकही नाही. भोकं बुजवलेली.

उजव्या हाताने ओतला. वाट बघितली. काढला.

हुबेहूब बाबा आहेत. तेच कपाळ, तीच नाकाची गाठ. तोंड सताड उघडं, आत प्लास्टर घशापर्यंत गेलेलं, जीभ वर आलेली. ज्यांची माणसं पणजोबांनी दाबून मारली, त्यांनी शेवटी त्यांना धरलं. साहेबाने नाही मारलं. बरं झालं मारलं.

हा चेहरा समोर धरला की हात निपचित पडतो. मांडीवर घेऊन बसले आहे. डावा हात सुताराच्या दोरीने कमरेशी करकचून बांधलाय. असंच बसायचं. बाबा येऊन परत जाईपर्यंत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा आले. दाराआडून ओरडले मी — जा, परत जा, पोलिसांना बोलवा. आवाज फाटला. पोरीला काही तरी झालंय म्हणून ते आणखीच घाबरले. पहारेकऱ्याने कडी तोडली. बाबांनी त्याला डॉक्टर आणायला पिटाळलं.

मी सगळं सांगितलं. मॅडम त्या पोत्यांखाली आहेत, हेही. तापाने फणफणली आहेस, म्हणाले. पोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मांडीवरचा चेहरा बघितला.

त्यांना वाटलं — बरोबरच वाटलं — आजोबा. अगदी माझ्यासारखे गं, म्हणाले. तोंड उघडं आहे, शेवटपर्यंत बोलत होते बघ, साहेबाला सुनावत होते. रडले. हसले. माझ्याकडून तो घेतला. मी सोडत नव्हते, त्यांनी बोटं एकेक करून हळूच सोडवली. खिडकीशी नेऊन उजेडात ठेवला. पलीकडे तोंड करून.

१७

हात निळा पडला होता. बाबांनी दोरी सोडली. नको नको म्हणतेय तर — हात कापावा लागेल गं बाई, म्हणाले. अंगठा बघून त्यांचे डोळे भरले. रुमाल बांधला.

छातीत जरा दुखतंय म्हणाले, प्रवासाची दगदग. डॉक्टर येईपर्यंत पडतो. बाकावर आडवे झाले. मी टेबलाशी, शेजारीच. चेहरा आणायला उठले तर पाय —

लिहून ठेव सगळं, म्हणाले. आज आजोबा भेटले. विसरशील.

म्हणून लिहिते. लिहितेय तोवर मी मी आहे. उजव्या हाताने लिहिते. लिहिताना कागदाकडे बघावं लागतं —

वाडग्यात पाणी पडल्याचा आवाज

बाबांना झोप लागली आहे. मऊ आवाज. कालवल्याचा. बाबा उठा. ओरडतेय. ओरडतेय असं लिहितेय, तोंड उघडत नाही —

नळ्या बसवल्या आहेत. म्हणजे श्वास येईल. नळ्या आहेत, आहेत नळ्या, बसवल्या —

गरम झालं प्लास्टर

नळ्या माझ्या मुठीत

बाबांचे पाय. बाकावर टाचा. कड्या वाजताहेत — पहारेकरी, ये, ये लवकर, दार उघडंच —

त्यांनी माझा हात पकडला. ढकलत नाहीत. चाचपताहेत. रुमाल सुटला. मोडलेला अंगठा सापडला त्यांना. ओळखला. त्यावर आपला अंगठा टेकवला, स्टेशनवर टेकवतात तसा. दाबला. रडायचं नाही —

आता माझी पाळी. मी पण दाब